फाटकावरची वही

१२ जानेवारी

मायन्याची जागा कोरी ठेवली आहे. ‘प्रिय’ लिहिले तर तू हसशील, आणि ‘चिरंजीव’ लिहावे इतका तू आता लहान नाहीस. तेव्हा थेट कामाचे लिहिते.

सोबत माझ्या प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत आहे. कालवा समितीला तो मी वीस डिसेंबरलाच दिला. तुझी प्रत त्यांच्याच टेबलावर पडून राहिली असे परवा कळले. सात पाने आहेत. सलग सात पाने वाचण्याची तुझी ख्याती नाही, म्हणून सार सांगते. तुझ्या पहिल्या व दुसऱ्या तळ्यातली कोळंबी पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने मेली. तिसऱ्या व चौथ्या तळ्यातली नियमाप्रमाणे क्लोरीन टाकून मारली. विषाणू आला तो बीजातून, म्हणजे तू जिथून पिल्ले आणलीस त्या बीजकेंद्रातून. ते केंद्र चालवणारा गृहस्थ माझ्याच वर्गात होता. प्रात्यक्षिकाच्या वेळी काचपट्टीवर बोटांचे ठसे उमटवून ठेवायचा. त्याच्याकडचे बीज घेऊ नकोस, असे मी तुला तीनदा कळवले होते. तू उलट निरोप पाठवलास, “माणूस गबाळा आहे, पिल्लं नाहीत.” हे वाक्य अहवालात घालण्याचा मोह झाला होता. घातले नाही.

आता पुढचे. कालव्याचे पाणी बावीस शेते वापरतात. ज्याच्या हलगर्जीपणाने रोग आला त्याची झडप बंद करायची, हा नियम तुम्ही सगळ्यांनी मिळून केलेला आहे. वीस फेब्रुवारीला सभा आहे. तुझ्या झडपेला कायमचे सील लावायचे की नाही ते तिथे ठरेल. पाणी बंद झाले की तळी म्हणजे नुसते खड्डे, हे मी तुला समजावायला नको.

तुझ्या बाजूने एकच कागद उभा राहिला असता. फाटकावरची वही. सहा वर्षांपूर्वी, आपण बोलत होतो तेव्हा, तिचे रकाने मी स्वतः पट्टीने आखून दिले होते. तारीख, नाव, याआधी कोणत्या शेतावर गेला होता, पादत्राणे औषधाच्या पाण्यात बुडवली का, जाळे कोणाचे, कोरडे की ओले, शेरा, सही. पहिल्या पानावर नियमही लिहून दिला होता: पाच दिवसांच्या आत दुसऱ्या शेतावर जाऊन आलेल्या कोणालाही फाटकाच्या आत घ्यायचे नाही. समितीने ती वही मागितली तेव्हा तू शांतपणे सांगितलेस, “हरवली.”

रोगाने तळी बसतात, सगळी कोळंबी जाते. चांगल्याचांगल्यांची बसली आहेत, त्यात लाज नाही. वही हरवण्यात आहे.

शोध. सापडली तर पाठव.

थोरली बहीण


२४ जानेवारी

टपाल तीन दिवसांत पोचते. म्हणजे उत्तर न देण्यात तू नऊ दिवस घालवलेस.

तुझ्या बायकोला फोन केला होता. ती म्हणाली, “पत्र मिळालं ताई. त्यांनी वाचलं. घडी घालून ठेवलंय.”

“काही म्हणाला का?”

“म्हणाले, अक्षर छान आहे.”

मी फोन ठेवला. तिला वाईट वाटले असल्यास तिला सांग, राग तिच्यावर नव्हता.

आज लिहिण्याचे कारण निराळे आहे. तुझा मुकादम कालव्यावर बसून, येईल त्याला सांगतो आहे की, “मॅडम आल्या, जाळं टाकून गेल्या, आणि आठवड्यात तळं बसलं.” पूर्वी तो मला ताई म्हणायचा. मॅडम कधीपासून झाले याची चौकशी मी करणार नाही, पण माझ्या भेटीविषयी सांगोवांगी पसरण्यापेक्षा ती क्रमवार लिहिलेली बरी. ही प्रत तुझ्याकडे राहू दे.

अठ्ठावीस नोव्हेंबर. पावणेबाराला तुझ्या फाटकाशी आले. पादत्राणे बुडवली. मुकादमाने विचारले, “आधी कुठं जाऊन आलात?” मी सांगितले की इतरांच्या तपासणीची माहिती मी देत नाही, ती गोपनीय असते. त्याने वहीत काहीतरी खरडले. मग तुमचे फेकजाळे पुढे केले. “आमचं घ्या. चार दिवस उन्हात टांगलेलं आहे, कडक वाळलंय.” मी ते उलगडून पाहिले. काठाजवळ हाताचा पंजा जाईल एवढे फाटलेले होते आणि ते मच्छरदाणीच्या दोऱ्याने शिवले होते. अशा जाळ्यातून तळ्यातला सुस्त, आजारी जीव निसटतो आणि उड्या मारणारे तेवढे हाती लागतात. मी म्हटले, “यात नमुना येणार नाही, नशीब येईल.” तो हसला नाही. माझे जाळे मी वापरण्याआधी क्लोरीनच्या पाण्यात बुडवलेले होते, हे इथे नोंदवून ठेवते.

पहिल्या दोन तळ्यांत मी स्वतः जाळे टाकले. तेवढ्यात प्रयोगशाळेतून बोलावणे आले, म्हणून तिसऱ्या-चौथ्या तळ्याचे नमुने मुकादमाने त्याच्या त्या शिवलेल्या जाळ्याने काढून संध्याकाळी पाठवले. चारही तळ्यांचे नमुने तपासणीत निर्मळ निघाले. सहा दिवसांनी पहिल्या तळ्यातली कोळंबी काठाला येऊन निपचित पडू लागली, सातव्या दिवशी दुसऱ्यातली. तू विचारशील, की मग अठ्ठावीस तारखेला ती निरोगी कशी ठरली. त्याचे उत्तर असे, की बीजातून आलेला विषाणू कधीकधी इतका थोडा असतो की यंत्राला दिसत नाही. हे पुस्तकात आहे.

एक गोष्ट क्रमात येत नाही, पण घडली होती. तू बांधावर उभा होतास. पाच वर्षांनी समोरासमोर येत होतो. तू विचारलेस, “जेवलीस का?” आणि मी विचारले, “खाद्याचं तबक दिवसातून किती वेळा वर काढून बघतोस?” तू म्हणालास, “चार.” मी म्हटले, “सहा पाहिजे.” एवढेच आपले बोलणे. जाताना तू मुकादमाला म्हणालास, आणि मला ऐकू यावे अशा बेताने म्हणालास, “सहा कर रे. ताईचं चुकत नाही.”

बाबा हे वाक्य कौतुकाने म्हणायचे. शाळेतल्या मुलांच्या वह्या ते माझ्याकडून तपासून घ्यायचे तेव्हापासूनचे. तू ते उचललेस आणि त्याला धार लावलीस. तिसऱ्या वर्षात माझी प्रयोगशाळा आणि पदवी दोन्ही सोडून गेलास, त्या दिवशीही दारात हेच म्हणाला होतास.

वहीचे काय झाले?

थोरली बहीण


५ फेब्रुवारी

आज जे लिहिते आहे ते मला लिहायचे नव्हते. पण आपल्या दोघांत माहिती दडवणारा एकजण पुरे आहे.

सभेसाठी अहवालाच्या प्रती लावण्याचे काम मी माझ्या सहायिकेला दिले होते. हुशार आहे, तोंडाची जरा सैल. पाने लावता लावता तिने विचारले, “मॅडम, बीजाचा नमुना कुठल्या पानावर आहे?”

“कोणत्या बीजाचा?”

“यांच्याच. रोग बीजातून आला म्हणतोय ना आपण? मग बीज तपासलं असेल ना.”

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरोखर पान सापडत नव्हते, कारण ते पान नव्हतेच.

तुला आठवत असेलच. सप्टेंबरच्या अखेरीस, तळ्यांत पिल्ले सोडण्याच्या दिवशी, तू त्यातली दोनशे पिल्ले चार बाटल्यांत भरून बर्फात घालून मला पाठवली होतीस. सोबत चिठ्ठी होती: “ताई, तुझ्या समाधानासाठी.” त्या केंद्राचे बीज तपासून मी त्याला प्रतिष्ठा देणार नाही, असे मी तेव्हाच ठरवले होते. बाटल्या गोठवणयंत्राच्या तळाच्या कप्प्यात ठेवल्या. चिठ्ठी फेकली. अहवाल लिहिताना त्या बाटल्या माझ्यापासून सहा हातांवर होत्या. मी उठले नाही, कारण उत्तर मला माहीत होते.

काल त्या काढल्या. सहायिकेने तपासल्या: निर्मळ. मी तिला म्हटले, पुन्हा कर. पुन्हा निर्मळ. तिसऱ्यांदा मी स्वतः केल्या, नवी रसायने फोडून, दार लावून. निर्मळ.

“चौथ्यांदा करायचं का मॅडम?” तिने विचारले. “म्हणजे आपल्याला पाहिजे ते येईपर्यंत.”

मी तिला दुपारनंतर सुटी दिली.

याचा अर्थ तू निर्दोष ठरतोस असा घाईने काढू नकोस. तीन लाख पिल्लांत दोनशे म्हणजे काहीच नाही. शिवाय रोग यायला इतर वाटा आहेत. खेकडे आहेत, तुझ्या दक्षिणेच्या बांधावरची खेकड्यांची जाळी एका जागी वाकलेली मी पाहिली आहे. पक्षी आहेत, शेजारच्या तळ्यातली मेलेली कोळंबी उचलून तुझ्या तळ्यावर टाकतात. मात्र त्या सुमारास तुझ्या शेजारी कोणाची कोळंबी मेल्याची नोंद नाही, हेही लिहिले पाहिजे.

पान चारवरचा निष्कर्ष तपासून पाहावा लागेल. ‘तपासून पाहावा’ एवढाच शब्द वापरते आहे. यापुढचा आज वापरणार नाही.

तुझी बहीण


१२ फेब्रुवारी

विषाणूचीही कुळे असतात. एका शेतातला आणि दुसऱ्या शेतातला वरून सारखाच दिसतो, पण त्याच्या जनुकांची अक्षरे ओळीने मांडली की कोण कोणाकडून आला ते बऱ्यापैकी सांगता येते. तू शिकायचे सोडलेस त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही ही पद्धत शिकवायला लागलो.

तुझ्या पहिल्या तळ्यातला विषाणू मी आमच्याकडच्या सगळ्या साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहायला सांगितला. एका नमुन्याशी तो अक्षरशः जुळला. तो नमुना ज्या शेतावरचा आहे ते तुझ्यापासून अकरा किलोमीटर वर, कालव्याच्या तोंडाशी आहे. पाण्यातून खाली आला असता तर मधल्या शेतांवरही रोग दिसला असता. कोणाचे, हे सांगणे नियमात बसत नाही. नमुना घेतल्याची तारीख: अठ्ठावीस नोव्हेंबर.

सहायिकेने निकाल माझ्या टेबलावर ठेवला आणि ती उभीच राहिली.

“मॅडम, त्या शेतावर त्या दिवशी सकाळी कोण गेलं होतं?”

“मी.”

“आणि दुपारी...”

“तुला काय विचारायचं आहे ते मला कळलं आहे,” मी म्हटले. ती गेली. या वेळी सुटी मी दिली नव्हती.

आता तू हे माझ्याकडून ऐक. मुकादमाकडून ऐकशील त्याआधी.

त्या दिवशी साडेनऊला मी त्या शेतावर होते. मालकाने खासगीत बोलावले होते. कोळंबी खाद्य घेत नाही म्हणत होता. मी जाळे टाकले, नमुना घेतला. निघताना जाळे त्यांच्या बादलीतल्या क्लोरीनच्या पाण्यात बुडवले. पाणी आदल्या दिवशीचे होते. आदल्या दिवशीचे क्लोरीन उन्हात उडून जाते, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. पाण्यात जोर किती उरला आहे ते पाहण्याची पट्टी माझ्या पेटीत होती. पेटी गाडीत होती. गाडी चाळीस पावलांवर होती.

जाळे अर्धा तास बुडवायचे आणि मग उन्हात दिवसभर वाळवायचे, हा नियमही माझाच. म्हणूनच मी दोन जाळी बाळगते. एक वापरात असते तेव्हा दुसरे वाळत असते. त्या दिवशी दुसरे शिवायला दिले होते. त्याची एक गाठ सुटली होती, आणि सुटलेल्या गाठीचे जाळे मी हातात धरत नाही.

त्या शेताचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. रोग होता. तो निकाल हातात असताना मला तुझे तळे आठवले. खोटे बोलत नाही, आठवले. मी स्वतःला सांगितले, जाळे बुडवले होते. मालकाने तीन दिवसांत सगळी कोळंबी काढून बाजारात पाठवली. त्यात नियमाबाहेरचे काही नाही. रोगाची बातमी बाहेर जाऊ नये असे तो म्हणाला, आणि मी म्हटले, आमच्याकडून जात नाही.

मग तुझी तळी बसली. मी बीजाचे कारण लिहिले. ते कारण लिहिताना हात थांबला नाही, हे मला आज अधिक बोचते.

तरीही हे सारे अजून एक शक्यता आहे. अहवाल मागे घ्यायचा तर पुरावा लागतो. जाळे तुझ्या फाटकाशी आले तेव्हा ओले होते, असे मला आठवते. पण आठवण हा पुरावा नव्हे. दोन तासांत, गाडीच्या टपावर, वाऱ्याने ते वाळलेही असेल. समितीसमोर उभे राहून मी ‘असेल’ आणि ‘नसेल’ म्हणू शकत नाही. तीस वर्षे मी तसले शब्द खोडत आले आहे.

सभेला आठ दिवस आहेत. काय करायचे ते ठरलेले नाही.

तुझी बहीण


१८ फेब्रुवारी

पाकीट आज सकाळी मिळाले.

पाकीट तुझ्या बायकोच्या अक्षरातले आहे. आत वही आणि तिची अर्ध्या पानाची चिठ्ठी. ती मी इथे उतरवून काढते, कारण तिने काय लिहिले ते तुला दाखवले असेल असे वाटत नाही.

“ताई, वही हरवली नव्हती. कपड्यांच्या कपाटात होती, माझ्या शालूच्या खाली. तुमचं शेवटचं पत्र त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, आता दे पाठवून. मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं की समितीला दाखवा, आपलं पाणी वाचेल. तर म्हणाले, दाखवली तर ताई अर्ध्या तासात सिद्ध करेल की नोंद मी मागाहून लिहिली. शाईवरून, अक्षरावरून, कशावरून तरी. लोकांना पटेलही. मग शेत जाईलच, वर मी खोटारडा ठरेन. त्यापेक्षा गबाळा ठरलेला बरा, त्याची मला सवय आहे. ताई, मी तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. पण तिसऱ्या तळ्यात क्लोरीन ओतताना ते आत उतरले होते. कोळंबी उड्या मारत होती. मरणारी कोळंबी उड्या मारत नाही, एवढं मलाही कळतं.”

मी वही उघडली. अठ्ठावीस नोव्हेंबर. अक्षर मुकादमाचे, शुद्धलेखन नेहमीसारखे.

आधी कुठे: सांगितल नाही.
पादत्राणे: बुडवली.
जाळे: स्वताच. ओल. पाणी ठिबकतय.
शेरा: आमच वाळलेल दिल. घेतल नाही.

आणि शेवटच्या रकान्यात माझी सही.

माझीच. शेवटच्या अक्षराखालची रेघ, तिच्याखाली टिंब. तुझ्या फाटकातून बाहेर पडताना त्याने वही पुढे केली आणि मी सही केली. वाचले नाही. विजेच्या बिलामागची बारीक अक्षरेसुद्धा वाचल्याशिवाय मी पैसे भरत नाही. पण जिचे रकाने मी आखले ती वही मी वाचली नाही, कारण त्यात एका अर्धशिक्षित माणसाने माझ्याविषयी काही लिहिण्याजोगे असेल, हे माझ्या मनातही आले नाही.

तीन गोष्टी स्पष्ट लिहिते.

पाच दिवसांच्या नियमात तपासनीसाला सूट नाही. पहिले पान पुन्हा वाचले. ‘कोणालाही’ असा शब्द आहे, आणि तो माझा आहे. सूट मी मला दिली.

तिसऱ्या आणि चौथ्या तळ्यात माझे जाळे पडले नव्हते. ती तळी निरोगी होती. ती क्लोरीनच्या आदेशावरल्या माझ्या सहीने मेली.

आणि तिसरी. तू जे म्हणालास ते खरे आहे. तू डिसेंबरात वही दाखवली असतीस, तर मी तेच केले असते. सहीसुद्धा मला अडवू शकली नसती. मी म्हटले असते, कोऱ्या रकान्यांवर घेतली. मी ते शांत आवाजात, एकही शब्द न चुकता म्हटले असते, आणि घरी जाऊन नीट झोपले असते. तू मला माझ्यापेक्षा बरे ओळखतोस, याचा मला आनंद होत नाही. मला चीड येते. तू मला वाचवले नाहीस. तू मला हिशेबातून वगळलेस, भिंत किंवा ऊन वगळावे तसे. तुझी सगळी तळी जाऊ दिलीस, पण एकदा माझ्यासमोर येऊन “ताई, तुझं चुकलं” एवढे म्हणून पाहिले नाहीस.

पाहिले असतेस तर मी ऐकले नसते. तेही खरे.

आता माझ्याजवळ पुरावा आहे. पुरावा नाही म्हणून थांबण्याची सोय तुझ्या बायकोने काढून घेतली. परवा सभा.

ताई


२२ फेब्रुवारी

सभेला तू आला नाहीस. तुझी खुर्ची दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी रिकामी होती. तुझ्या वतीने मुकादम मागे उभा होता, हाताची घडी घालून. म्हणून लिहिते.

सभा अध्यक्षांच्या शेतावरच्या कोठारात होती, नेहमीप्रमाणे. सुरुवातीलाच अध्यक्ष म्हणाले, “अहवाल सगळ्यांनी वाचलाय. मॅडमचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मत घेऊन टाकू.” मी उभी राहिले आणि म्हणाले, पान चार मागे घेते आहे.

“सुधारणा का?”

“नाही. चूक.”

हा शब्द मी जाहीरपणे किती वर्षांनी उच्चारला ते आठवत नाही. अडखळले नाही. मग बीजाचे तीन निकाल वाचले, जुळलेल्या विषाणूचा निकाल वाचला, आणि वहीतली नोंद वाचली. मुकादमाने लिहिली तशीच, त्याच्या शब्दांत. ‘पाणी ठिबकतय’ या शब्दांना मागच्या रांगेत कोणीतरी हसले.

अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, हा तुमचा बहीण-भावाचा मामला आहे. घरच्या घरी मिटवा. इथे कशाला?”

मी म्हटले, “घरातला असता तर घरात मिटवला असता. विषाणू ज्या शेतातून माझ्या जाळ्यात आला, ते शेत तुमचं आहे.”

गोपनीयतेचा नियम मी मोडला. त्याबद्दलही लेखी कळवले आहे. तुम्ही बावीस जण एकाच कालव्याचे पाणी पीत असताना एकाचा रोग दुसऱ्यापासून लपवणारा नियम मीच सुचवला होता, कारण त्याने लोक माझ्याकडे बिनधास्त येतात. तेही सांगितले.

तुझ्या झडपेला सील लागणार नाही. ठराव एकमताने झाला. अध्यक्षांनी हात सर्वांत शेवटी वर केला. माझ्या प्रयोगशाळेचे अहवाल समिती एक वर्ष स्वीकारणार नाही. ही सूचना माझी होती. त्यांनी सहा महिने म्हटले होते.

सहायिका बाहेर म्हणाली, “मॅडम, तुम्ही स्वतःलासुद्धा नापास करताना गुण कापता.” मी हसले असते, पण सवय नाही.

काल सकाळी तुझ्याकडे आले. मोकळ्या हाताने. फोन केला नव्हता.

फाटक बंद होते. आत तळ्यांच्या तळाला भेगा पडल्या आहेत, पाणी हलवायच्या चाक्या एकावर एक रचून ताडपत्रीने झाकल्या आहेत, आणि क्लोरीनचा वास अजून येतो की मलाच येतो, सांगता येत नाही. तुझ्या घराची खिडकी उघडी होती. मुकादम स्टुलावर बसला होता. मी पादत्राणे बुडवली. त्याने वही पुढे केली. नवी, पण रकाने जुन्या वहीवरून काढलेले. पट्टी न वापरता.

‘याआधी कोणत्या शेतावर’ या रकान्यात मी लिहिले: अध्यक्षांचे, काल, सभेसाठी.

त्याने चष्मा लावून ते वाचले. दोनदा.

“पाच दिवस झाले नाहीत.”

“मी तळ्यांकडे जाणार नाही. घरात जायचं आहे.”

“घर फाटकाच्या आत आहे, मॅडम.”

“अहो, तळ्यांत पाणी नाही, कोळंबी नाही. रोग लागायचा तो कशाला?”

“तसं काही पहिल्या पानावर लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. “तुम्हीच लिहिलंय ना ते?”

मी म्हटले, “आत जाऊन विचारा.”

तो वही घेऊन गेला. खिडकीत तू उभा होतास की पडदा होता, ते एवढ्या अंतरावरून मला नक्की सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही. पाच-सहा मिनिटांनी तो परतला आणि वही सहीसाठी पुढे केली. या वेळी मी वाचली. शेऱ्याचा रकाना तुझ्या अक्षरात होता. पाच वर्षांत तू मला लिहिलेल्या एवढ्याच दोन ओळी, तुझ्या त्या चिठ्ठीखेरीज, आणि ती मी फेकली होती.

“प्रवेश नाकारला. पाच दिवस पूर्ण नाहीत. पादत्राणे बुडवली. जाळे आणलेले नाही.”

उभ्या उभ्या मी ती वरपासून खालपर्यंत तपासली. हात सवयीने खिशातल्या पेनकडे गेला होता. अक्षर अजून सुधारलेले नाही. ‘र’ अजूनही ‘न’सारखा काढतोस.

मग सही केली आणि परत आले. पंचवीस तारखेला पाच दिवस पूर्ण होतात.

नोंद बिनचूक आहे.

ताई